वॉचमनच्या डोक्यात हात

संघमित्रा गमरेचा गाळा घोडपदेवला आहे. एका बाजूला गाद्या शिवतात, दुसऱ्या बाजूला स्टीलच्या डब्यांना पॉलिश करतात आणि मधल्या गाळ्यात ही बाई चिनी मातीच्या किटल्या बनवते. पूर्वी बाहेर पाटी होती, 'येथे किटल्या मिळतील' अशी. ती वाचून आसपासचे चहावाले आपल्या अॅल्युमिनियमच्या गळक्या किटल्या घेऊन यायचे आणि "ताई, बुडाला जरा डाग मारून दे ना" म्हणायचे. सुरुवातीला संघमित्रा समजावून सांगायची. मग कंटाळून एक-दोघांना तिने खरंच डाग मारून दिला. तेव्हापासून गर्दी इतकी वाढली की पाटीच काढावी लागली.

तिच्या किटल्यांतून चहा येतो, पण कुठून येईल ते सांगता येत नाही. एक कोळीण फतकल मारून बसलेली आहे, तिच्या हातातल्या पापलेटाच्या तोंडातून येतो. एक बाई नळावर भांडते आहे, तिच्या रोखलेल्या बोटातून येतो. एक काका बनियन वर करून पोटाला वारा घेत उभे आहेत, त्यांच्या बेंबीतून येतो. ही बेंबीवाली किटली दादरच्या एका बाईंनी "आमच्या ह्यांना वाढदिवसाला" म्हणून नेली होती. पुढे आठवड्याभराने 'हे' स्वतः गाळ्यावर आले, दारातूनच संघमित्राकडे रागाने बघितलं आणि निघून गेले. बनियन वर केलं असतं तर ओळख पटलीच असती.

शिवाय प्रत्येक किटलीच्या तळाशी, आतून, ती मातीचंच एक अर्धं बिस्कीट चिकटवते. चहात बुडवताना तुटून पडलेलं असावं तसं. वरून सहज दिसत नाही, आणि ती कुणाला सांगतही नाही. ज्याला सापडेल त्याला सापडेल, असा तिचा हिशोब.

या धंद्यात ती आली ती संडासाच्या वाटेने. हे ती स्वतःच सांगते, आणि ऐकणाऱ्याच्या हातात कप असेल तर मुद्दाम सांगते. मातीकाम शिकून बाहेर पडल्यावर तिला नोकरी लागली ती वॉशबेसिनं आणि कमोड बनवणाऱ्या एका कंपनीत. नव्या कमोडचे छोटे छोटे नमुने तयार करायचे, हे तिचं काम. साहेबमंडळी टेबलाभोवती बसून तो नमुना हातात फिरवून बघायची आणि "जरा अजून गोंडस हवा" असं म्हणायची. जे नापास होतील ते नमुने ती घरी आणायची आणि फळीवर मांडून ठेवायची. मेहनत केलेली वस्तू टाकवत नाही.

घरी होती सुंदराआत्या. संघमित्राच्या वडिलांची थोरली बहीण. आई-वडील गेले, भाऊ वेगळा राहायला गेला आणि घरात या दोघीच उरल्या. आत्याने आयुष्यभर खानावळ चालवली, गिरणीतल्या माणसांना जेवू घातलं, त्यामुळे समोरचं माणूस उपाशी आहे की नाही एवढी एकच गोष्ट तिला जगात महत्त्वाची वाटते.

तर एका रविवारी वडाळ्याहून पाहुणे संघमित्राला बघायला आले. मुलगा बँकेत. जयभीम झालं, पोहे झाले, आता चहा. पण असल्या पाहुण्यांसमोर पातेलं घेऊन जाणं आत्याला कमीपणाचं वाटलं. तिने फळीवर नजर टाकली. तिथे एक पांढरंशुभ्र, गुळगुळीत भांडं होतं. झाकण होतं. मागच्या बाजूला तोटीसुद्धा होती. आत्याने ते विसळलं, त्यात चहा भरला आणि ऐटीत बाहेर आणलं.

मुलाच्या वडिलांनी चहाचा घोट घेतला, भांड्याकडे कौतुकाने बघितलं. "वा! आकार वेगळाच आहे. बदक का?"

संघमित्राला खोटं बोलता येत नाही. "नाही काका," ती म्हणाली, "कमोड आहे. पण नमुन्याचा आहे. कुणी वापरलेला नाही."

मुलाच्या आईच्या तोंडात तेव्हा घोट होता. तो गिळावा की कसं, याचा विचार करायला तिने बराच वेळ घेतला. मग मंडळी उठली. संध्याकाळपर्यंत नकार आला. आत्या दोन दिवस जेवली नाही, आणि संघमित्राने तिला "अगं, तूच तर ओतलास" असं म्हणून बघितलं, तर तिसऱ्या दिवशीही जेवली नाही.

चौथ्या दिवशी मुलाच्या वडिलांचा फोन. "जयभीम, बेटा. ते स्थळाचं राहू दे. पण ते भांडं... माझा साडू फार शिष्ट आहे. नवीन फ्लॅट घेतलाय त्याने. त्याला भेट द्यायला तसलं एक बनवशील?"

असं स्थळ गेलं आणि पहिलं गिऱ्हाईक आलं. संघमित्राने पुढच्या वर्षी नोकरी सोडली.

आता उकिडव्यांकडे येऊ. चिंतामणी उकिडवे राहायला गिरगावात, एका विमा कंपनीतून निवृत्त झालेले. नोकरी सगळी दाव्यांच्या विभागात गेली. कुणाचं काय जळलं, बुडलं, फुटलं, ते तपासायचं. संघमित्राची आणि त्यांची गाठ पडली दादरच्या एका प्रदर्शनात. ते एका किटलीसमोर इतका वेळ उभे होते की मागून येणारे लोक त्यांना वळसा घालून जात होते.

किटली होती झोपलेल्या वॉचमनची. खुर्चीत बसलाय, हनुवटी छातीवर, एक हात कमरेवर, ती मूठ, दुसऱ्या हातातली बॅटरी पुढे, ती तोटी. टोपी उचलली की झाकण निघतं आणि टाळूला भोक.

"हा आमच्या बिल्डिंगचा आहे," उकिडवे म्हणाले.

"काका, मी तुमची बिल्डिंग बघितलेली नाही."

"तरी आमचाच आहे." आणि त्यांनी तो घेतला. जाता जाता म्हणाले, "मी चहा घेत नाही. पित्त होतं."

"मग किटली कशाला?"

"बघायला."

त्यानंतर ते दर प्रदर्शनाला येऊ लागले. कोळीण नेली, नळावरची बाई नेली. घरी काचेचं कपाट केलं. त्यांच्या पत्नी इरावतीबाई फोनवर संघमित्राला म्हणाल्या होत्या, "अहो, तुमच्यामुळे माझ्या पैठण्या आता दिवाणाखाली गेल्यात. पण माणूस घरात गप्प असतो, तेवढं बरं आहे."

गेल्या एप्रिलातली गोष्ट. दुपार होती. संघमित्रा एका नव्या किटलीवर काम करत बसली होती. खेकडे विकणारी म्हातारी, अजून ओली, टेबलावर ठेवलेली, खेकड्यांच्या नांग्या बसवायच्या बाकी. आत्या खुर्चीत पाय वर घेऊन पंख्याखाली. तेवढ्यात दारात टॅक्सी थांबली आणि उकिडवे उतरले. उजव्या हातावर, पार कोपरापर्यंत, उशीचा अभ्रा चढवलेला.

"संघमित्राताई," ते म्हणाले, "तक्रार नाही. अडचण आहे."

अभ्रा काढला. मनगटाच्या पुढे हात नव्हता, वॉचमन होता. हात टाळूतून आत गेलेला आणि वॉचमन आपला खुशाल झोपलेला.

"काय गो बाय," आत्या उठून बसली, "ह्यांच्या हाताला काय झाला?"

झालं होतं असं. सकाळी कपाट पुसताना उकिडव्यांनी वर्षा-दीड वर्षात पहिल्यांदाच वॉचमनची टोपी उचलली आणि आत बघितलं. तळाशी बिस्कीट. त्यांचा तोल गेला. त्यांना वाटलं, इरावतीच्या भजनी मंडळाने त्यांच्या मागे या किटलीतून चहा प्यायला. मुंग्या होतील म्हणून त्यांनी हात घातला. बिस्कीट निघेना. ओढलं, खरवडलं, बोटं खाली सरकवून उचकटायला बघितलं. बिस्कीट निघालं नाही आणि मग हातही निघाला नाही. जितकं ओढावं तितका हात सुजला.

"टॅक्सीवाल्याने विचारलं, पिशवीत पोपट आहे का," उकिडवे म्हणाले. "मी हो म्हटलं. मग तो गिरगावपासून इथपर्यंत मिठू मिठू करत आला."

संघमित्राने हसू दाबलं. चूक तिच्या बिस्किटाची होती, तेव्हा हसणं बरं दिसलं नसतं. "काका, ते बिस्कीट मातीचं आहे. मीच चिकटवते."

उकिडव्यांचा चेहरा क्षणभर उजळला. "म्हणजे भजनी मंडळ निर्दोष आहे?"

"हो."

"अरेरे," ते म्हणाले. "मी सकाळीच इरावतीला बोललो." आणि त्यांना हातापेक्षा त्याचीच जास्त काळजी लागली.

मग उपाय सुरू झाले. साबणाचं पाणी झालं. खोबरेल तेल झालं, ते बॅटरीतून आत ओतलं तर तिथूनच परत उकिडव्यांच्याच पँटवर आलं. गादीवाला रमाकांत आला आणि "मी वॉचमनला धरतो, तुम्ही काकांना ओढा" म्हणाला. ओढलं. काका ओरडले, रमाकांतने वॉचमन सोडला, आणि संघमित्रा आणि काका मागे मातीच्या पोत्यावर जाऊन बसले.

शेवटी संघमित्राने साचे फोडायची हातोडी काढली.

"काय करताय?" उकिडवे म्हणाले.

"फोडते. एक टोला. काका, डोळे मिटा."

"खबरदार!"

"अहो, मी दुसरा बनवून देते. अगदी अस्सा."

"अस्सा होणार नाही!" उकिडवे टेबलाच्या पलीकडे गेले. संघमित्रा इकडून गेली तर ते तिकडून आले. तिला वाटलं, वयस्कर माणूस, थकेल. पण दाव्यांच्या विभागात आयुष्यभर जिने चढलेला माणूस, तो थकेना. टेबलाला फेऱ्या झाल्या आणि मग ते हात छातीशी धरून दाराबाहेर पळाले, शेजारच्या गाळ्यात शिरले आणि पिंजलेल्या कापसाच्या ढिगात गळ्यापर्यंत रुतून बसले. बाहेर फक्त डोकं आणि वर धरलेला वॉचमन.

संघमित्रा हातोडी घेऊन समोर उभी. "काका, हात काळा-निळा पडला तर? तुम्हाला हात हवा की किटली?"

"ह्याची डावी भुवई बघा," उकिडवे म्हणाले. ते धापा टाकत होते. "वर गेलीय. म्हणजे झोपलाय, पण पूर्ण झोपलेला नाही. कुणी आलं तर आपल्याला कळेल, अशी त्याला अजून आशा आहे. तुम्ही दुसरा कराल, पण ती भुवई येईल?"

संघमित्राने भुवई बघितली. खरंच वर होती. ती तिने मुद्दाम केली नव्हती. करताना बोट लागलं असेल. इतक्या दिवसांत तिच्या स्वतःच्या लक्षात आलं नव्हतं.

"मी जन्मभर लोकांना फुटलेल्या वस्तूंचे पैसे दिले," उकिडवे कापसातून म्हणाले. "पैसे मिळतात हो. वस्तू मिळत नाही."

संघमित्राने हातोडी खाली केली. तिचा भाऊ अजित दर भेटीत विचारायचा, "मित्रा, ही खेळणी कधीपर्यंत?" खरं तर तिलाही अधूनमधून तोच प्रश्न पडायचा. आणि इथे एक माणूस तिच्या चुकलेल्या भुवईसाठी कापसात जाऊन बसला होता. ती म्हणाली, "नाकात कापूस गेलाय काका. काढा."

तेवढ्यात उकिडव्यांच्या खिशात फोन वाजला. रमाकांतने तो काढून स्पीकरवर धरला. इरावतीबाई. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "फोडा म्हणावं त्यांना! नाहीतर हातासकट कपाटात ठेवते तुम्हाला!"

"इरावती, भजनी मंडळाची माफी मागतो मी."

"ती मागालच. आधी हात काढा."

मार्ग निघाला तो आत्याच्या पायावरून. तिचे पाय सुजतात तेव्हा ती उशीवर उंच ठेवते, म्हणजे सूज उतरते. "मग हात पण उंच ठेवा की," ती म्हणाली. गाळ्याच्या छताला पूर्वीच्या कारखान्याचा एक लोखंडी आकडा आहे. त्याच्याखाली खुर्ची मांडली, टेबलाच्या कडेला. उकिडव्यांना बसवलं. हात वर. संघमित्राने आपली ओढणी वॉचमनच्या मुठीतून आणि त्याच्या मातीच्या खुर्चीच्या पायांतून घेऊन आकड्याला पक्की बांधली, म्हणजे भार हातावर येऊ नये. वॉचमन छताला उलटा लटकला, आणि वर्गात उत्तर येत असल्यासारखे उकिडवे हात वर करून बसले.

"जेवलात?" आत्याने विचारलं.

"सकाळपासून काही नाही. पण हात..."

"माझे हायत ना दोन." आत्याने डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि काहीतरी लालभडक, कांद्यात परतलेलं. तिने घास केला आणि तोंडाशी नेला. उकिडव्यांनी खाल्ला. दुसरा खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं, तरी तिसऱ्यासाठी तोंड उघडलं.

"फारच छान. ही कसली भाजी?"

"जवला. सुका."

उकिडवे चावायचे थांबले. जवळा म्हणजे बारीक सुकी कोलंबी, हे गिरगावात राहून त्यांना माहीत नसणं शक्य नव्हतं. आणि उकिडव्यांच्या घरात तर अंडंही चालत नव्हतं. मग त्यांनी शांतपणे घास गिळला आणि विचारलं, "हा घरी करायला अवघड असतो का?"

जेवण झालं. आत्याने त्यांचं तोंड पदराने पुसलं, ते त्यांना फारसं आवडलं नाही, पण तक्रार कुठल्या हाताने करणार? पंखा फिरत होता. बाजूला रमाकांतचा कापूस पिंजला जात होता, त्याचा एकसुरी टंकार. उकिडवे हात वर ठेवूनच झोपले. थोड्या वेळाने आत्याही झोपली. संघमित्रा दोघांच्या मध्ये बसून ओल्या म्हातारीच्या पाटीत खेकड्याच्या नांग्या बसवत राहिली.

आणि मग, कुणाच्या लक्षात यायच्या आत, सूज उतरलेला, तेलाने माखलेला हात वॉचमनच्या डोक्यातून सुळकन निसटला आणि वरून थेट खाली आला. खेकडेवाल्या म्हातारीच्या डोक्यावर. फच्च!

उकिडवे दचकून जागे झाले. वर बघितलं, वॉचमन ओढणीत सुखरूप लटकतोय. हात बघितला, पाची बोटं जागेवर. मग टेबल बघितलं. म्हातारीची पुरणपोळी झाली होती, आणि नांग्या चारी बाजूंना पसरल्या होत्या.

"मी फोडली," ते म्हणाले. "एक वाचवली आणि एक फोडली."

संघमित्रा आता मात्र हसायला लागली. उकिडवे आल्यापासून दाबलेलं सगळं बाहेर आलं. तिने नुसती ती चपटी म्हातारी टेबलावरून खरवडली, गोळा केला, दोनदा आपटला आणि मळायला घेतला.

"काका, ओली आहे. ओली फुटत नाही. उद्या परत होईल."

उकिडवे ते बघत राहिले. काही तपासताना बघावं तसं, बारकाईने. "म्हणजे नुकसान शून्य?"

"शून्य."

"असा दावा माझ्या टेबलावर कधी आला नाही," ते म्हणाले.

आत्याने चहा टाकला. वॉचमनला धुऊन पुसून घेतलं आणि चहा त्याच्यातच भरला. उकिडवे चुळबुळले. "वापरणार?"

"मग काय आरती करू?" आत्या म्हणाली आणि तिने ओतायला सुरुवात केली. बॅटरीतून चहाची धार लागली आणि वॉचमनच्या पोटातून आवाज आला. घुर्र... घुर्र... फूऽ. उकिडवे खुर्चीतून अर्धे उठले.

"घोरतोय!"

"हो," संघमित्रा म्हणाली. "हवेचं भोक तसं ठेवलंय. ओतलं की घोरतो. तुम्हाला माहीतच नव्हतं?"

त्यांना कसं माहीत असणार? इतके दिवस त्यांनी त्याला कपाटात कोरडा ठेवला होता. त्यांनी आत्याला परत ओतायला लावलं. कप भरल्यावर कपातला चहा परत वॉचमनमध्ये घालून पुन्हा ओतायला लावलं. रमाकांतला हाक मारून ऐकवलं. इरावतीबाईंना फोन लावून ऐकवलं, त्या म्हणाल्या, "हा तुमचाच आवाज आहे." चहा थंडगार झाला, आत्याचा जीव तुटत राहिला, पण उकिडव्यांचं ऐकून संपेना. चहा मात्र त्यांनी घेतला नाही. पित्त होतं.

निघताना अभ्र्यात वॉचमन घेऊन ते दारात घुटमळले.

"तुम्ही सगळ्या प्रकारची माणसं केलीत," ते म्हणाले. "कोळीण, वॉचमन, ते बेंबीवाले गृहस्थ. निवृत्त विमा अधिकारी कुणी केला नाही अजून. सहज बोललो."

संघमित्राने त्यांना बाजूने न्याहाळलं. मग दुसऱ्या बाजूने. "काका, राग मानू नका. नाक आखूड आहे. तोटी केली तर चहा सगळा खाली गळेल."

उकिडव्यांनी नाक चाचपलं आणि ते निघाले. पण पुढच्या आठवड्यात ते आपला नोकरीला लागतानाचा फोटो घेऊन आले, बाजूने काढलेला. संघमित्राने आणि आत्याने तो उजेडात धरून बघितला. नाक तेव्हाही तेवढंच होतं.

सध्या संघमित्रा त्यांच्यावर काम करते आहे. पहिले उकिडवे गळले. दुसरे भट्टीत तडकले. तिसऱ्यांचं नाक थोडं लांब झालं आहे, पण इरावतीबाई येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, लग्नात असंच असायला हवं होतं. उकिडवे स्वतः दर गुरुवारी प्रगती बघायला येतात, ओल्या मातीपासून लांब उभे राहतात, हात पाठीमागे बांधून. आत्या त्यांच्यासाठी डब्यात जवळा जास्त आणते, आणि घरी विचारलं तर त्या दिवशी त्यांनी भेंडी खाल्लेली असते.